सगळीकडे एकच फरशी

१२ जानेवारी

बंड्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. या घरात हल्ली फोनवर काही बोलायची सोयच राहिलेली नाही. डोळे गेल्यापासून अण्णांचे कान असे तयार झालेत की मी न्हाणीघराचं दार लावून कुजबुजले तरी बाहेर आल्यावर विचारतात, "माझ्या गोळ्यांचं कोणाला सांगत होतीस?" तुला मेसेज करावा तर तू एक अंगठा दाखवून मोकळा होतोस. म्हणून कागद. तेवढा एकच त्यांना ऐकू येत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले. उजेड आणि अंधार एवढं कळतं, बाकी काही नाही, आणि पुढेही नाही. अण्णा ऐकून घेऊन म्हणाले, "चला, आता तुम्ही कसे दिसता हे मला चांगलंच आठवत राहील." डॉक्टरांना हसावं की नाही कळेना.

खरं काम पुढे आहे. स्वयंपाकघराखालचा पाइप फुटून घरभराची फरशी खचली आहे, हे तुला सांगितलंच होतं. मिस्त्री म्हणतो, ठिगळं लावून भागणार नाही, सगळी उचलावी लागेल. उचलायचीच आहे तर माझ्या डोक्यात एक आहे ते ऐक.

गेल्या महिन्यात आम्ही मावशीकडे राहिलो होतो. तिथे अण्णा राजासारखे फिरत होते. भिंतीला हात नाही, माझा दंड नाही. मावशीच्या घरात कुठल्याही दोन खोल्या एकाच मिस्त्रीच्या हातच्या नाहीत. पुढे दगड, मधे लाकूड, मागे सिमेंट. पाय टेकला की अण्णांना कळायचं आपण कुठे आहोत ते. निघताना म्हणाले, "मावशीच्या घरात मला दिसतं."

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघराच्या मध्यावर उभे राहून त्यांनी मला हाक मारली. "मी कुठे आहे गं?" आयुष्यभर बुटांचं दुकान चालवलेला माणूस, ज्याला गिऱ्हाइकाची चाल ऐकून मापाचा नंबर कळायचा.

तर प्रत्येक खोलीला वेगळी फरशी घालायची. दारात घासलेला, पॉलिश नसलेला दगड. बोळात काथ्याचा पट्टा, जमिनीत बसवलेला. त्यांच्या खोलीत लाकूड. स्वयंपाकघरात छोट्या टाइल्स, म्हणजे पायाला जोड लागत राहतील. न्हाणीघरात खडबडीत. आणि मागच्या दाराशी, पायऱ्या सुरू व्हायच्या आधी, खाचांची पट्टी. तिथे पाय लागला की थांबायचं.

घर आपल्या दोघांचं, तेव्हा तुझा होकार हवा. तुझ्या ओळखीचा तो कंत्राटदार आहे ना, त्यालाच सांगू. काय ते कळव.

ताई


२७ जानेवारी

प्रिय ताई,

पत्र मिळालं. अण्णांचं वाचून वाईट वाटलं. हिला वाचून दाखवलं, तिच्याही डोळ्यांत पाणी आलं.

फरशी उचलायला माझी काहीच हरकत नाही. कंत्राटदार माझा माणूस आहे, त्याच्याशी बोलतो. पण ताई, मी काय म्हणतो, थोडा शांतपणे विचार कर. सहा प्रकारच्या फरश्या म्हणजे सहा जाड्या. लेव्हल कशी जुळणार? जिथे दोन फरश्या भिडतात तिथे कडा वर येतात, आणि म्हातारी माणसं नेमकी तिथेच अडखळतात. आमच्या सोसायटीत दोघं पडले. हल्ली सगळीकडे मोठ्या टाइल्स घालतात, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत एकसलग. उंबरे नाहीत, काही नाही. घर मोठं वाटतं, फडकं मारलं की स्वच्छ. आपलं घर आहे, नमुन्यांचं दुकान नाही.

आणखी एक. राग मानू नकोस. ही विचारत होती की मागे लाकूड, पुढे दगड, असं जे चाललंय ते नुसतं फरशीचंच आहे ना? की ताईंच्या मनात खोल्यांचं काही वेगळं ठरलंय? मी म्हटलं, छे, ताई तशी नाही. पण विचारून ठेवतो.

अण्णांना नमस्कार सांग.

तुझा,
बंड्या


५ फेब्रुवारी

बंड्या,

अरे हो, ठरलंय ना! मागच्या खोल्या माझ्या, पुढच्या तुझ्या, आणि न्हाणीघर सूनबाईंच्या नावावर. सांग तिला.

आता कामाचं. परवा मी फरशीच्या दुकानातून नमुन्याचे तुकडे आणले आणि बैठकीच्या खोलीत ओळीने मांडले. अण्णांना म्हटलं, "चप्पल काढा आणि चाला." आधी म्हणाले, "लोकांच्या पायांत बूट चढवण्यात जन्म गेला आणि तू मला अनवाणी करतेस." पण चालले. दगडावर उभे राहिले, "हे बाहेरचं." काथ्यावर म्हणाले, "हा बोळ, इथे रेंगाळायचं नाही." लाकडावर किती तरी वेळ उभे होते. टाचा वर करून बघितलं, पुन्हा टेकल्या. "हे गरम नाही आणि गारही नाही. इथे झोपायचं." मग छोट्या टाइल्सवर अंगठा फिरवला. "या चौकटींचा हिशोब लागतो. ओट्यापर्यंत किती ते मला पाठ होईल."

मी तुकड्यांची जागा गुपचूप बदलली आणि त्यांना पुन्हा चालायला लावलं. एकदाही चुकले नाहीत. शेवटी एका मोठ्या चकचकीत टाइलवर उभं केलं, दुकानदाराने उगाच बरोबर दिली होती. म्हणाले, "ही कोणती खोली?" मी म्हटलं, "कोणतीच नाही." म्हणाले, "मग उचल. यावर उभं राहिलं की कुठेच नसल्यासारखं वाटतं."

लेव्हलचं मी मिस्त्रीला विचारलं. खालचा थर कमी-जास्त करून सगळ्या फरश्या एका पातळीत आणता येतात. कडा वर येत नाहीत. तुमच्या सोसायटीत ते दोघं कशाने पडले कोण जाणे.

काम एप्रिलच्या आत व्हायला हवं. त्यानंतर मला वेळ नसेल. का, ते वेळ आली की सांगेन.

ताई


१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं म्हणणं पटलं. तू तिथे असतेस, अण्णांना काय हवं ते तुलाच ठाऊक. तुझ्या मनासारखं होऊ दे.

फक्त एक कर. काम चालू असताना तुम्ही दोघं मावशीकडे जाऊन राहा. फरशी कापताना जी धूळ उडते ती अण्णांच्या छातीला सोसणार नाही. कुठे काय घालायचं त्याचा कागद मला पाठव, मी कंत्राटदाराला समजावून सांगतो. त्याच्याशी बोलण्याचं, मागे लागण्याचं सगळं माझ्याकडे. इतकी वर्षं तू एकटीने केलंस, आता एवढं तरी मला करू दे.

तुझा,
बंड्या


२० मार्च

बंड्या,

तुझं मागचं पत्र मी जपून ठेवलंय. "एवढं तरी मला करू दे" हे वाक्य अण्णांना वाचून दाखवलं. दुपारी ते मावशीला सांगत होते, "माझ्या मुलाने सगळं अंगावर घेतलंय. मुलगा लांब असला म्हणजे लांबच असतो असं नाही." मावशीने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मीही उडवल्या. पण खरं सांगू, बरं वाटलं. मी ऑफिसातून येते तर हे दोघं अंगणात गप्पा मारत बसलेले असतात. आयत्या घरी परत यायचं, हे सुख मला माहीतच नव्हतं.

काल ऑफिस सुटल्यावर घराकडे चक्कर मारली. कुलूप. खिडक्यांना आतून कागद लावलेत. कंत्राटदाराला फोन केला तर म्हणाला, "ताई, साहेबांशी बोला." लाकूड आलं का विचारलं, तरी "साहेबांशी बोला." हा माणूस दुसरं काही बोलतो की नाही?

लाकूड दोन-चार दिवस खोलीत नुसतं ठेवावं लागतं, मगच बसवतात, नाहीतर फुगतं. त्याला सांगशील. आणि मागच्या दाराची खाचांची पट्टी विसरू नका म्हणावं. बाकी एक वेळ इकडचं तिकडे झालं तरी चालेल, ती पट्टी हवीच.

ताई


२८ मार्च

प्रिय ताई,

काळजी करू नकोस, काम जोरात चालू आहे. कागद लावलेत कारण ऊन लागलं तर फरशीखालचा सिमेंटचा मसाला नीट धरत नाही. वरून कोणी चाललं की सगळं हलतं, म्हणून त्याने कुलूप घातलंय. तू मधे मधे जाऊ नकोस. एकदमच बघ.

बंड्या


१६ एप्रिल

बंड्या,

आम्ही रविवारी घरी आलो.

रिक्षातून उतरल्यावर अण्णांनी दारातच चपला काढल्या. इतक्या दिवसांत त्यांना मी इतकं उतावीळ बघितलं नव्हतं. मला म्हणाले, "हात सोड. मी जातो." मी कुलूप काढून दार ढकललं. माझ्या नजरेस पडलं तेव्हा त्यांचा पाय आत गेलेला होता.

तू काय घातलंस ते तुला माहीत आहे. मी फक्त ते कसं दिसतं ते सांगते, कारण तू बघितलेलं नाहीस. दारापासून मागच्या दारापर्यंत एकच पांढरी, चकचकीत, मोठी टाइल. जोड इतके बारीक की नखालाही लागत नाहीत. बैठकीच्या खोलीत तीच, बोळात तीच, त्यांच्या खोलीत तीच. उंबरे सगळे काढून टाकले. मागच्या दाराचाही. लख्ख दिसतं. दिसणाऱ्याला.

अण्णा चार-पाच पावलं गेले आणि थांबले. पाय पुढे घासून बघितला, मग बाजूला. मला म्हणाले, "दगड कुठाय?" आणखी पुढे गेले, त्यांना वाटलं बोळ आला असेल. तो आला नव्हता. खुर्चीवर आपटले. हात पुढे करून उभे राहिले आणि मला विचारलं, "आपण कोणाकडे आलोय?"

मी म्हटलं, "घरी, अण्णा."

"कोणाच्या?"

मी त्यांना धरून त्यांच्या पलंगापर्यंत नेलं. बसल्यावर म्हणाले, "ही फरशी कोणी निवडली?" मी तोंड उघडलं होतं. तुझं नाव जिभेवर होतं, बंड्या, अगदी टोकावर. तेवढ्यात तेच म्हणाले, "बंड्या तर म्हणाला होता ना, ताईच्या मनासारखं होऊ दे? त्याला ठाऊक आहे का हे?" आणि चेहरा असा केला, जणू तुझ्याबद्दल काही वाईट कळू नये म्हणून आधीच कळवळलेत. सकाळी उठून बसायला त्यांच्याकडे हल्ली फार थोडी कारणं आहेत. त्यातलं एक तू आहेस.

मी म्हटलं, "मी निवडली, अण्णा. वेगवेगळ्या घातल्या तर जोड उचकटतात म्हणे. म्हणून ऐन वेळी मी बदललं."

अण्णा म्हणाले, "मला विचारलं नाहीस." एवढंच. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात. मीठ दे, दार लाव.

मी का खोटं बोलले ते मला विचारू नकोस. माझं मलाच सांगता येत नाही. तू फक्त एक सांग. असं का केलंस?

ताई


३० एप्रिल

प्रिय ताई,

तुझ्या पत्राची भाषा वाचून मन विषण्ण झालं. मी जणू काही गुन्हा केला आहे.

मी जे केलं ते अण्णांच्या भल्यासाठीच केलं. सपाट घरात माणूस पडत नाही, हे मी अनेकांना विचारून ठरवलं. सवय व्हायला वेळ लागतो, त्यांना थोडे दिवस दे. आणि खरंच सांगायचं तर तूही मला सरळ कुठे वागवलंस? मी साधा प्रश्न विचारला तर तू लिहिलंस, मागच्या खोल्या माझ्या, पुढच्या तुझ्या. वर लिहितेस की एप्रिलनंतर वेळ नाही, कारण वेळ आल्यावर सांगेन. आम्ही काय समजायचं? हिच्या भावाने, तो वकील आहे, स्पष्ट सांगितलं की खोल्याखोल्यांची फरशी वेगळी केली की उद्या मधे भिंत घालायला वेळ लागत नाही. मला घर एकसंध ठेवायचं होतं. ते दोघांचं आहे, हे तूच लिहिलंस.

चेष्टा होती असं आता म्हणशील. मग चेष्टा आहे असं तेव्हाच लिहायचं होतंस.

अण्णांना माझं नाव सांगितलं नाहीस हा तुझा मोठेपणा. मी विसरणार नाही. आता ते तसंच राहू दे. या वयात त्यांना पुन्हा कशाला ढवळायचं?

तुझा,
बंड्या


२ जून

बंड्या,

अण्णा पडले.

मागच्या दारातून. मी ऑफिसात होते. मदतीला ठेवलेली बाई कपडे वाळत घालत होती, तिच्या डोळ्यांदेखत. त्यांना वाटलं आपण अजून स्वयंपाकघरात आहोत. पायाखाली तेच गुळगुळीत, अडवायला उंबरा नाही, पट्टी नाही, काही नाही. एक पाऊल फरशीवर टाकलं आणि पुढचं हवेत. घोट्याचं हाड मोडलं, कपाळाला टाके पडले. हॉस्पिटलातून आणलंय, पाय प्लास्टरमध्ये आहे. बाई रडून रडून अर्धी झाली. तिला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले.

तू पडण्याबद्दल अनेकांना विचारलं होतंस ना? त्यांना कळव.

आता वेळ आली आहे, तेव्हा सांगते.

आमच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात एक जण नकाशे काढायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. दीड वर्षापूर्वी त्यांची बदली झाली, इथून दोन तासांवर. जाताना त्यांनी मला विचारलं. मी पन्नाशीला आलेली बाई, घरी जाऊन आरशासमोर उभी राहिले आणि मोठ्याने हसले. मग हसू थांबलं आणि मी अण्णांना सांगितलं. तुला नाही सांगितलं, कारण तुझ्या बायकोच्या तोंडून "या वयात?" हे मला ऐकायचं नव्हतं.

अण्णा काय म्हणाले माहीत आहे? "जा. आधीच जायला हवं होतंस. पण मला या घरात एकट्याने हिंडता येऊ दे, मग जा. कोणाच्या हाताला धरून जगायचं नाही मला, आणि तुझ्या तर नाहीच." म्हणून ती फरशी, बंड्या. दिवसा बाई, संध्याकाळी शेजारचे पेटीमास्तर, आठवड्याला मी. सगळी जुळवाजुळव आम्ही बापलेकीने मिळून केली होती. मला खोल्या घ्यायच्या नव्हत्या. मला घरातून निघायचं होतं.

परवा मी त्यांच्या उशाशी बसले होते. इतक्या दिवसांनी आपणहून बोलले. म्हणाले, "तुला जायची घाई झाली होती. घाईत माणूस सोपं असतं ते निवडतो. तू दुकानदाराचं ऐकलंस, माझ्या पायांचं नाही ऐकलंस." आता कसं सांगू? मी आता तुझं नाव घेतलं तर त्यांना वाटेल मी अंगावर आलेलं तुझ्यावर ढकलतेय.

म्हणून तू सांगायचंस. माझ्यासाठी एवढं कर. ये, त्यांच्यासमोर बस, आणि तुझ्या तोंडाने सांग. पुढचे काही महिने तू इथे राहायचंस. तुझं काम घरून चालतं, हे तूच मागे सांगत होतास. मी पंधरा जुलैला लग्न करतेय, कचेरीत जाऊन, दोन सह्या. ते थांबायला तयार आहेत, पण मी तयार नाही. मी थांबले तर कायमची थांबेन, हे मला कळून चुकलंय.

ताई


१४ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. अण्णांचं वाचून फार वाईट वाटलं. आणि तुझी बातमी! मनापासून अभिनंदन. आम्हाला सांगितलं असतंस तर आम्हाला आनंदच झाला असता. इतकं परकं समजलीस.

मी येतो. ही मुलीच्या शाळेमुळे इथेच राहील. अण्णांना मी सांगेन. शब्द देतो. फक्त आल्या आल्या नको, ते जरा सावरले की योग्य वेळ बघून.

तुझा,
बंड्या


२ ऑगस्ट

बंड्या,

आपण दारातच भेटलो आणि दारातच निरोप घेतला, म्हणून राहिलेलं लिहिते. रात्रीची गोळी दुधाबरोबर. सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायचा, पण मृत्यूच्या बातम्या आधी. त्यांना ओळखीचं कोणी आहे का ते बघायचं असतं. दाढी करताना बोलायचं नाही.

मी निघताना पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण ठेवून लगेच काढला. इकडचं घर छोटं आहे. हे चांगले आहेत. सकाळचा चहा तेच करतात. मी कप हातात घेऊन बसते आणि मला तो हात आठवतो.

सांगितलंस का?

ताई


२१ सप्टेंबर

चिरंजीव ताईस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी सांगतोय आणि बंड्या लिहितोय. त्याचं अक्षर लहानपणी कोंबडीने उकरल्यासारखं होतं, आता सुधारलं असेल तर मला कळायला मार्ग नाही.

माझा पाय बरा आहे. प्लास्टर निघालं. काठी घेऊन चालतो, पण एकट्याने नाही. बंड्या सकाळी माझा हात धरून न्हाणीघरापर्यंत नेतो, मग खुर्चीत बसवतो, दुपारी पुन्हा. चुकूनही कंटाळत नाही. मी म्हटलं, "तुझी बायको, पोर तिकडे, तू कशाला अडकलास?" तर नुसता माझा हात दाबला. त्याच्याबद्दल मी पूर्वी कधी काही वेडंवाकडं बोललो असेन तर ते मी मागे घेतो. बोळात त्याने आता काथ्याचा एक पट्टा टाकलाय. आपणहून. बघ, त्याला न सांगता सुचलं.

तुझ्यावर माझा राग नाही. तू गेलीस हे चांगलंच झालं, मीच तुला जा म्हणालो होतो. पण जायच्या आधी माझे पाय का काढून घेतलेस, एवढंच मला उमगत नाही. खुर्चीत बसून तेच मनात घोळतं. तू तुकडे मांडले होतेस, मी चाललो होतो, एकदाही चुकलो नव्हतो. मग असं का केलंस? घाई होती म्हणून की माझ्यावर विश्वास राहिला नाही म्हणून? असो. तू सुखी राहा. जावईबापूंना नमस्कार सांग. त्यांना एकदा घेऊन ये. यावंसं वाटलं तर. माझ्यासाठी मुद्दाम नको.

तुझे अण्णा

ताई, वरचं सगळं त्यांनी सांगितलं तसंच्या तसं लिहिलंय, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. पाय काढून घेतलेस हे लिहिताना माझा हात थांबला. ते म्हणाले, "काय झालं? शब्द अडला का?" मी म्हटलं, "पेन अडलं." तेव्हाच सांगणार होतो, अगदी तोंडाशी आलं होतं. पण मग म्हणाले, "बंड्या, चहा टाक, आज बरं वाटतंय," आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून स्वयंपाकघरापर्यंत आले. पडल्यापासून पहिल्यांदाच. आज त्यांचा दिवस नासवावा असं वाटलं नाही. सांगेन मी, नक्की सांगेन.

चहा पिताना विचारलं, ताईला आणखी काही लिहायचं का? म्हणाले, "लिही, फरशीचं मी मनातून काढून टाकलं. तिला माफ केलंय म्हणून कळव." ते वर लिहायचं राहिलं, म्हणून इथे लिहितो.

बंड्या